नारिंगी दिवा

चवथीच्या आधी घराची झाडलोट निघाली म्हणजे माळ्यावरून आणि कपाटांच्या माथ्यांवरून काय काय खाली उतरेल याचा नेम नसतो. पेडणे तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या जुन्या घरी यंदा एक पेटी खाली उतरली, आणि तिच्यावरून मायलेकांत अबोला धरण्यापर्यंत मजल गेली. वहिनीचा मला डिचोलीला फोन आला, "वन्सं, तुम्ही एकदा येऊन जा. पोर यांच्या पेटीला हात लावू म्हणतो आहे."

आमच्या घरात पेटी म्हटले की प्रथम बाजाची पेटी डोळ्यांपुढे येते. ही पेटी ती नव्हे. माझ्या थोरल्या भावाने दहा-अकरा वर्षांपूर्वी आणलेले हे एक माहितीचे कोठार होते. घरातील संगणक, फोन, कॅमेरे यांतील सारे काही एका जागी साठवावे आणि घरातल्या कोणीही कोणत्याही खोलीतून ते पाहावे, अशी तिची योजना. दुकानदार तिला 'नॅस' म्हणतात. जेवणाच्या डब्याहून थोडी मोठी, काळी, आत दोन हार्ड डिस्क शेजारी शेजारी उभ्या. त्या जातीतली ती स्वस्तातली वस्तू. पण भावाने तिच्यात काय भरून ठेवले होते ते ऐकले म्हणजे तिची किंमत वेगळी मांडावी लागते. घरातली छायाचित्रे होतीच; त्याशिवाय वडिलांच्या काळच्या कॅसेटींवरून उतरवलेली भजने होती, आणि दर वर्षीच्या चवथीला आमच्या ओसरीवर होणाऱ्या घुमट आरतीचे ध्वनिमुद्रण होते. आरती म्हणणारा आणि घुमट वाजवणारा पुष्कळदा तो स्वतःच असे.

दोन वर्षांपूर्वी भाऊ गेला. पेटीचा परवलीचा शब्द त्याच्या डोक्यात होता, तो त्याच्याबरोबर गेला. वहिनीने तेव्हाच मला विचारले होते, "यातले काही काढता येईल का?" मी म्हणाले होते, "सवड झाली की बघते. तोवर कोणी हात लावू नका." वाचकहो, त्या घरात गेली दोन वर्षे पाळली गेलेली आज्ञा माझी होती, हे आधीच कबूल केलेले बरे.

भाच्याची बाजूही ऐकण्याजोगी होती. तो अकरावीत आहे. मित्रांच्या घरी दूरदर्शन-संचाला जोडून खेळण्याची यंत्रे आली आहेत. नव्या यंत्राची किंमत पन्नास हजारांच्या आसपास. वहिनीच्या एकटीच्या मिळकतीत ते मागण्याइतका तो अजाण नाही. त्याने घरातच शोध घेतला. "आत्या, या पेटीत इंटेलचा प्रोसेसर आहे. मागे एचडीएमआयचे तोंड आहे, म्हणजे टीव्हीला जोडता येते. स्मृती तेवढी कमी आहे, ती वाढवता येईल. लिनक्स चढवले की झाले खेळयंत्र. नाहीतरी ती नुसती पडूनच आहे ना?"

"पडून नाही," वहिनी म्हणाली, "चालू आहे. दिवा लुकलुकतो तिचा."

पुढच्या रविवारी मी अस्नोड्यावरून कोलवाळचा पूल ओलांडून माहेरी पोचले. पेटी साफसफाईपुरती खाली उतरवून पुन्हा कपाटाच्या माथ्यावर ठेवली होती. तिच्यावर वहिनीने स्वतः विणलेला दोऱ्याचा रुमाल. रुमाल बाजूला केला तेव्हा खरोखरच एक दिवा लुकलुकत होता. पण तो हिरवा नव्हता, नारिंगी होता.

या पेट्यांतील दोन डिस्क बहुधा जुळ्या बहिणींसारख्या ठेवलेल्या असतात. एकीवर जे लिहावे ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. एक निकामी झाली तरी दुसरी काम चालू ठेवते, आणि धन्याला इशारा देते की माझी बहीण गेली, आता मी एकटी आहे, लवकर सोबत आणा. तो इशारा म्हणजे हा नारिंगी दिवा. बरोबरीने शिट्टीही वाजते. परंतु रात्रीची झोपमोड होते म्हणून ती भावाने पूर्वीच बंद करून ठेवली होती. दिवा किती महिने लुकलुकत होता हे कोणालाच सांगता येईना. वहिनीला तो जिवंतपणाची खूण वाटत होता. आणि पेटीला वारा लागावा म्हणून जी भोके असतात, ती रुमालाखाली झाकली गेली होती. हे मी त्या दिवशी बोलून दाखवले नाही. आज लिहिते आहे ते वहिनीच्या परवानगीने.

माझ्या पोटात गोळा आला. आम्ही तिघेही ती पेटी जपतो आहोत अशा समजुतीत होतो; वहिनी रुमाल घालून, मी आज्ञा देऊन. प्रत्यक्षात एक डिस्क केव्हाच गेली होती आणि दुसरी दिवस मोजीत होती.

पेटी बंद करून भाच्याने जिवंत डिस्क अलगद बाहेर काढली आणि एका जोडतारेने आपल्या लॅपटॉपला लावली. त्यावर विंडोज होते. क्षणभराने पडद्यावर प्रश्न उमटला: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करावी काय? त्याचे बोट सवयीने 'होय'कडे वळले होते. मी त्याचे मनगट धरले.

हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण तो कोणाच्याही घरी उमटू शकतो. फॉरमॅट करणे म्हणजे कोठारातील सगळे फडताळ नव्याने आखणे. आधी कोणती वस्तू कोठे ठेवली होती त्याची नोंद त्यात जाते. विंडोजचा यात काही दुष्ट हेतू नसतो. त्या डिस्कवरची मांडणी त्याला वाचता येत नाही आणि जे वाचता येत नाही ते कोरे आहे असे समजून ते मोकळेपणाने विचारते. मोडी न येणाऱ्याने आजोबांची दप्तरे रद्दीत घालू का म्हणून विचारावे, तसेच हे. दप्तर कोरे नसते. वाचणारा वेगळा हवा असतो.

येथे वाचणारा कोण, हे मला ठाऊक होते, आणि त्याचे कारण माझ्या नोकरीत आहे. मी डिचोली तालुक्यात गणित शिकवीत असे. २००० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत परदेशी स्थायिक झालेल्या काही गोमंतकीयांनी 'गोवा सुधारोप' या संस्थेमार्फत गोव्यातील शाळांसाठी एक उपक्रम चालविला. अमेरिकेत कार्यालयांनी मोडीत काढलेले पण चालते संगणक जहाजाने इकडे आणावयाचे आणि शाळांना द्यावयाचे. जुन्या यंत्रांवर नवी महागडी प्रणाली चालणार कशी? म्हणून त्यांवर लिनक्स घातले गेले. एक बऱ्यापैकी ताकदीचा संगणक मध्यभागी ठेवून दुबळ्या संगणकांना त्याच्या आधाराने चालवावयाचे, अशीही एक युक्ती त्यात होती. माझी लिनक्सशी ओळख झाली ती त्या पिवळ्या पडलेल्या यंत्रांवर. आज्ञा पाठ करताना मुले माझ्यापुढे गेली आणि मी त्यांच्यामागून शिकले. परक्या कचेरीने टाकून दिलेले यंत्र आपल्या मुलांचे पाटी-दप्तर होऊ शकते, हे तेव्हापासून मला कोणी पटवून द्यावे लागले नाही.

आता या पेटीची गंमत अशी की तिच्याही पोटात लिनक्सच होते. अशा बहुतेक साठवण-पेट्यांत ते असते. वर कंपनीचे नाव आणि रंगीत पडदे असतात, खाली पाया लिनक्सचा. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनुस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ही प्रणाली लिहावयास आरंभ केला आणि पुढच्याच वर्षी ती जीपीएल नावाच्या परवान्याखाली आणली. परवान्याचे सार सोपे आहे. ही प्रणाली कोणीही वापरावी, बदलावी, तिच्यावर बेतलेली वस्तू विकावी. मात्र विकताना त्या प्रणालीचा मूळ लिहिलेला संकेत गिऱ्हाइकाला नाकारू नये. शेजाऱ्याकडून विरजण आणले तर उद्या दुसऱ्याने मागितल्यावर आपणही द्यावे, इतका हा साधा व्यवहार.

हा व्यवहार केवळ सदिच्छेचा नाही. तैवानच्या डी-लिंक कंपनीच्या जर्मन शाखेने विकलेल्या अशाच एका साठवण-पेटीवरून जर्मनीत खटला झाला होता. प्रणालीकार हाराल्ड वेल्टे यांनी या परवान्याच्या पालनासाठी चालविलेल्या मोहिमेतून तो उभा राहिला, आणि सप्टेंबर २००६ मध्ये फ्रांकफुर्टच्या न्यायालयाने परवाना बंधनकारक असल्याचा निवाडा दिला. डी-लिंकचे नाव वेर्णा औद्योगिक वसाहतीमुळे गोव्यातही अनेकांच्या परिचयाचे आहे. त्याही आधी, २००४ साली, लिंक्सिस कंपनीने एक छोटीशी साठवण-पेटी काढली होती; तिची स्मृती अवघी ३२ मेगाबाइट. हौशी लोकांनी तिच्यावर स्वतःची लिनक्स चढवून तिला संगीत वाजविण्यापासून नाना कामांना लावले आणि लाडाने तिचे नाव 'स्लग', म्हणजे बिनकवचाची गोगलगाय, असे ठेवले. पेटीला पडद्याला जोडण्याचे तोंडच नसल्यामुळे तिचे खेळयंत्र होणे शक्य नव्हते. परंतु विकत घेतलेली पेटी म्हणजे कंपनीने नेमून दिलेले एकच काम, ही समजूत तिने पुष्कळांच्या मनातून घालवली.

आता पुन्हा आमच्या ओसरीवर. मी पर्समधून एक पेन ड्राइव्ह काढला. त्यावर लिनक्सची अशी आवृत्ती होती की जी संगणकावर कायम न बसवता तात्पुरती चालविता येते. भाच्याचा लॅपटॉप त्यावरून सुरू केला. डिस्क ओळखली गेली, पण उघडेना. कारण तिच्यावर नोंद होती की मी जोडीतली एक आहे, दुसरी कोठे आहे? दुसरी नाही, एकटीनेच उघड, असे तिला स्पष्ट सांगावे लागले. आणि आणखी एक गोष्ट सांगितली: केवळ वाचण्यापुरते उघड, काहीही लिहू नकोस. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर एक अक्षरही नव्याने लिहू नये, हा पहिला नियम. परवलीच्या शब्दाची अडचण आली नाही, कारण तो पेटीच्या दारावरचा होता, आतल्या वस्तूंवरचा नव्हता. भावाने माहिती सांकेतिक लिपीत कुलूपबंद केली असती तर मात्र माझी सारी विद्या तेथेच थांबली असती. वाचकांनी हे ध्यानात घ्यावे: अशी कुलपे घातली असतील तर किल्ली घरातल्या दुसऱ्या एका माणसाला तरी ठाऊक असलीच पाहिजे.

पडद्यावर वर्षावर्षांची खणे दिसू लागली. 'चवथ २०१३', 'चवथ २०१४', अशी ओळ लागली. वहिनी मागे उभी होती. ती काही बोलली नाही. पदराने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

सगळे मिळून दोनशे गिगाबाइटच्या आसपास भरले. जुन्या पद्धतीच्या जोडतारेवरून ते दुसऱ्या डिस्कवर उतरायला दोन तास लागले. पावसाळ्याचे दिवस, पेडण्याला वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. म्हणून लॅपटॉप आधी पूर्ण भारित करून घेतला होता. अध्येमध्ये डिस्क कटकट आवाज करी, तेव्हा आम्ही तिघेही श्वास रोखून बसत असू. तीन फाइली आल्या नाहीत. तेवढ्यावर निभावले.

उतरलेले नीट ऐकू येते की नाही हे पाहण्यासाठी भाच्याने एक ध्वनिमुद्रण उघडले. आरती सुरू होण्यापूर्वीची काही मिनिटे त्यात आली होती. शामेळ वाजवणारा कोणी खाकरतो आहे, कांसाळ्यांचा चुकार नाद येतो आहे, आणि मग भावाचा आवाज. तेव्हा पाच-सहा वर्षांचा असलेल्या आपल्या मुलाला तो घुमट दाखवीत होता, "डावा हात या तोंडावर. इतका घट्ट नको. मडक्याला श्वास घेऊ दे, मग ते बोलते."

भाचा उठून अंगणात गेला. आम्ही त्याच्यामागे गेलो नाही. बाप गेल्यापासून त्याने घुमटाला हात लावला नव्हता, हे घरात सर्वांना माहीत होते. त्याविषयी कोणी बोलत नसे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे असलेले मातीचे भांडे. एका मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवतात, दुसरे लहान तोंड हाताने उघडझाप करून नाद घडवतात. २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान दिला. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला बंदी आली आणि कालांतराने बकऱ्याचे कातडे आले. भावाने आमच्या घरच्या घुमटाचे कातडे प्रथम बदलले तेव्हा वडिलांनी दोन दिवस त्याच्याशी भाषण टाकले होते. तिसऱ्या दिवशी सायंकाळी, आपल्याकडे कोणी पाहत नाही असे समजून, त्यांनी ते मांडीवर घेऊन वाजवून पाहिले. जुने कातडे पवित्र मानून ते तसेच ठेवले असते तर ओसरीवर एक मुके मडके उरले असते.

त्या रात्री वहिनीने आपण होऊन विषय काढला. "त्या पेटीचे काय करायचे ते कर," ती मुलाला म्हणाली, "पण आधी मला सांग, यांचा आवाज आता कुठे कुठे आहे?" भाच्याने बोटांवर मोजून दाखवले: एक प्रत घरात नव्या डिस्कवर, एक तिच्या कपाटात वेगळ्या डिस्कवर, एक माझ्याबरोबर डिचोलीला जाणार. एका छपराखाली सगळ्या प्रती ठेवू नयेत. पूर, वीज, चोर यांना नातीगोती कळत नाहीत. जुळ्या डिस्क म्हणजे दोन प्रती, ही भावाची चूक होती, आणि ती फार जणांची असते. जुळ्या डिस्क एका डिस्कच्या मरणापासून वाचवतात. परंतु आपण चुकून काही पुसले तर ते दोन्हींवरून एकाच क्षणी पुसले जाते.

मग खेळयंत्राचे काम निघाले. मी दोन दिवस राहिले, कारण मला त्यात रस होता, हेही कबूल करते.

अशा प्रत्येक पेटीचे खेळयंत्र होत नाही. प्रथम पाठीमागे पाहावे: दूरदर्शन-संचाला जोडण्याचे तोंड नसेल तर तो नाद सोडावा. दुसरे, प्रोसेसर इंटेल किंवा तत्सम, घरच्या संगणकांत असतो त्या जातीचा असावा. म्हणजे नेहमीची लिनक्स सरळ चालते. तिसरे, स्मृती. आमच्या पेटीत एकच गिगाबाइट होती. भाच्याने म्हापशाला जाऊन जुन्या लॅपटॉपची चार गिगाबाइटची पट्टी स्वस्तात आणली. पण ती कमी विद्युतदाबावर चालणारी जात आहे ना, हे पेटीच्या माहितीपत्रकाशी ताडून मगच बसवली. पेटीच्या आतल्या लहानशा स्मृतीत कंपनीची जी मूळ प्रणाली होती, तिचीही त्याने प्रत काढून ठेवली. परत फिरण्याची वाट पुसू नये, हे त्याला आता सांगावे लागले नाही.

मग कीबोर्ड जोडून, पेटी सुरू होताच ठरावीक कळ दाबून, तिला पेन ड्राइव्हवरून सुरू व्हावयास सांगितले. प्रथम त्याने 'बातोसेरा' नावाची लिनक्स लावून पाहिली. संगणकाला तयार खेळयंत्राचे रूप देण्यासाठीच ती केलेली आहे. ती चालली. परंतु त्याला पेटीकडून आणखीही कामे हवी होती, म्हणून अखेरीस एका नव्या लहान डिस्कवर त्याने 'डेबियन' बसवली आणि हवे ते एकेक तिच्यावर घातले. 'सुपरटक्सकार्ट' हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आला. लिनक्सचे बोधचिन्ह असलेला पेंग्विन त्यात गाडी हाकतो. चित्रांची सफाई थोडी कमी केल्यावर तो बरा धावू लागला. धाकट्या पोरांसाठी 'टक्स पेंट' हा रंगकामाचा कार्यक्रम आला. तो मराठीत आहे, आणि त्याची कोकणी देवनागरी व रोमी अशा दोन्ही लिप्यांत आहे. लिपीवरून गोव्यात केवढे वाद झाले हे ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या पेंग्विनाचा समंजसपणा आवडेल.

नव्या महागड्या खेळांची अपेक्षा या पेटीकडून करू नये. ते तिच्या कुवतीबाहेरचे आहे. जुन्या काळच्या यंत्रांवरचे खेळ अनुकरणाने चालविता येतात, पण त्यांपैकी बहुतेकांचे मालकी हक्क अजून जिवंत आहेत आणि ते खेळ फुकट पसरवणे कायद्यात बसत नाही. भाच्याने यावर जरा नाक मुरडले. मी म्हटले, ज्या परवान्याच्या बळावर तुझ्या बापाचा आवाज मिळाला, तोही लेखकाच्या हक्कावरच उभा आहे; तो हक्क आपल्याला सोयीचा असेल तेव्हाच मानायचा असे चालणार नाही. पटले की नाही कोण जाणे, पण त्याने मुक्त खेळच ठेवले.

आणखी एक इशारा. कंपनीने ज्यांची देखभाल थांबवली आहे अशा जुन्या साठवण-पेट्या इंटरनेटला उघड्या ठेवू नयेत. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या 'माय बुक लाइव्ह' या पेट्यांतील माहिती जगभर अनेकांच्या घरी कोणी दूरवरूनच पुसून टाकली. त्या पेट्यांच्या प्रणालीत शेवटची सुधारणा २०१५ साली झाली होती. कपाटावर निवांत बसलेली पेटी सुरक्षित आहे असे वाटते, पण तिच्या मागच्या तारेतून सारे जग घरात येत असते. या दृष्टीनेही आमची पेटी दोन वर्षे दैवाच्या भरवशावरच होती.

आमच्या माहेरचा गणपती पाच दिवसांचा. सासरची चवथ आटोपून मी पंचमीला तेथे पोचले तेव्हा माटोळीखाली आरतीची तयारी चालली होती आणि आतल्या खोलीतून चार पोरांचा गलका ऐकू येत होता. ज्या कपाटाच्या माथ्यावर पेटी होती, त्याच कपाटाशेजारी टीव्हीखाली ती आता उघडी, वाऱ्यावर ठेवलेली होती. रुमाल काढून वहिनीने बाजाच्या पेटीवर घातला होता. शर्यतीत हरलेला एक चिमुरडा पुन्हा खेळण्याचा हट्ट धरून बसला होता.

वहिनीने दारात उभे राहून विचारले, "अरे, यावर यांच्या आरत्या लागतील का?"

भाच्याने खेळ थांबवला. चित्रे आणि संगीत दाखविणारा 'कोडी' नावाचा कार्यक्रम त्याने आधीच बसवून ठेवला होता. त्यात बापाने केलेले वर्षांचे खण जसेच्या तसे होते. त्याने 'चवथ २०१४' उघडले. घरभर आवाज भरला. पोरे क्षणभर गप्प झाली, मग त्यांतल्या एकाने विचारले, हे कोण गातात?

भाच्याने त्या रात्री घुमट घेतले असे लिहिले तर ते वाचायला छान वाटेल, पण तसे झाले नाही. आरतीला शेजारचे काका वाजवायला बसले, तो कांसाळी घेऊन मागे उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघण्याच्या तयारीत असताना मागच्या पडवीतून ठोके ऐकू आले. थांबत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून. वहिनी चुलीपाशी होती. तिने बाहेर पाहिले नाही, मीही पाहिले नाही. कोणी पाहत नाही असे समजून वाजवायचे, ही आमच्या घरातली जुनी रीत आहे.

वाचकहो, बडोद्याला असा, इंदूरला असा, हैदराबादला असा की आणखी दूर, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी पेटी, जुना फोन, जुना संगणक कपाटावर ठेवलेला असेल. घर सोडून दूर आलेल्या माणसांजवळ आठवणी अधिक आणि त्या तपासून पाहण्याचे धैर्य कमी असते. त्यावर एखादा रुमालही असेल. येत्या रविवारी तो रुमाल उचला आणि दिव्याचा रंग तेवढा पाहून घ्या. घरातले एखादे पोर खेळायला म्हणून ती वस्तू मागत असेल, तर त्याला रागावण्यापूर्वी त्याच्या शेजारी बसा.

नारिंगी दिवा वहिनीला जिवंतपणाची खूण वाटला, आणि मला सवड नव्हती. दोन वर्षे आम्ही त्यालाच जपणे म्हणत होतो.